किती जणांसाठी

ड्वेन व्होंद्राने एकोणचाळीस वर्षं मालगाडी चालवली, आणि त्या एकोणचाळीस वर्षांत प्रवासी म्हणून तो रेल्वेत एकदाही बसला नाही. परगावच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते. ड्राय फोर्कमध्ये कुणालाच वाटत नाही. या गावातून दिवसाला साठ-सत्तर गाड्या जातात, कोळशाच्या, मक्याच्या, डब्यावर डबा चढवलेल्या, मैल-दीड मैल लांबीच्या, आणि त्यांतली एकही माणसांसाठी थांबत नाही. माणसांची शेवटची गाडी थांबली तेव्हा ड्वेन शाळेत जात होता. स्टेशनच्या इमारतीत आता गुराढोरांचा डॉक्टर बसतो. कुणाला कुठे जायचं असेल तर तो गॅरेजमधून गाडी काढतो, आणि फारच लांब जायचं असेल तर ओमाहाला जाऊन विमान धरतो.

त्यामुळे निवृत्तीच्या समारंभात, इंजिनाच्या आकाराचा केक कापून झाल्यावर, ड्वेन चार शब्द बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "मे महिन्यात मी मार्लिसला युरोपला नेणार आहे. पाच शहरं. आणि सगळा प्रवास रेल्वेने," तेव्हा आधी सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या. त्याच्या बायकोने, मार्लिसनेही वाजवल्या. शाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या मुलाला बक्षीस मिळाल्यावर आपण वाजवतो तशा.

तिच्या टाळ्या तशा का होत्या, हे समजायला मालगाडीवाल्याचा संसार माहीत असावा लागतो. मालगाडीला वेळापत्रक नसतं. गाडी भरली, रूळ मोकळा झाला, की ती निघते. ड्रायव्हरांच्या नावांची यादी असते, आणि आपलं नाव वर सरकत सरकत पहिलं आलं की घरचा फोन वाजतो. फोन वाजल्यापासून दीड तासात माणूस यार्डात हजर पाहिजे. मग बाहेर वाढदिवस असो, बारसं असो, की ताटात टर्की वाढलेली असो. ड्वेनची बॅग कायम भरलेली दाराशी असायची. बॅटरी, हातमोजे, दोन दिवसांचे कपडे, कॉफीचा थर्मास. मार्लिसची सुटकेस तळघरात असायची. ती भरायची, आणि पुन्हा रिकामी करून खाली नेऊन ठेवायची. मुलाच्या, टॉडच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ड्वेन चाळीस मैलांवर बाजूच्या रुळावर उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या पुढे जाताना बघत होता. मुलीच्या, क्रिस्टीच्या लग्नाला तो वेळेवर पोचला, पण बूट कामावरचे होते.

मार्लिस भांडखोर असती तर एक वेळ परवडलं असतं. तिने एकतीस वर्षं गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. दोनशे बारा पोरांना दर गुरुवारी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल वेळेवर वाढणाऱ्या बाईला कुरकुर करायला फुरसत नसते. सहल ठरवली की ती एकदाच विचारायची, "जमेल ना?" आणि ड्वेन म्हणायचा, "बघू." खोटं तो कधी बोलला नाही. त्याच्या हातात तेवढाच शब्द होता. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. आपल्याला बायको समजूतदार मिळाली, असं ड्वेन चारचौघांत कौतुकाने सांगत असे.

आता घरात पासपोर्टचे दोन अर्ज आले होते. मक्याच्या कणसाच्या आकाराचं एक लोहचुंबक लावून ते फ्रिजच्या दारावर टांगले होते. ड्वेनचा अर्ज पहिल्याच दिवशी भरून झाला होता. मार्लिसचा कोरा होता. फेब्रुवारीत दिला तर मेपर्यंत पासपोर्ट हातात पडेल, असं हे अर्ज घेणाऱ्या कोर्टातल्या बाईने सांगितलं होतं.

"भर की गं तो अर्ज," ड्वेन म्हणायचा.

"बघू," मार्लिस म्हणायची.

आयुष्यभर वापरलेला आपला शब्द समोरून आला की कसा लागतो, ते ड्वेनला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळत होतं. ती 'नाही' म्हणाली असती तर त्याने मनवलं असतं. 'बघू'पुढे माणूस काय करणार?

मग त्याने ठरवलं, की आता तोंडाने सांगायचं नाही. बेत असा चोख बांधायचा, की तिला कुठे बोट ठेवायला जागा राहता कामा नये. जानेवारीचा अख्खा महिना त्याने तळघरात काढला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि खाली टेबलटेनिसच्या टेबलावर ड्वेन, रंगीत पेन्सिली आणि मटणवाल्याकडून आणलेल्या पांढऱ्या कागदाची सहा फूट लांब पट्टी. त्यावर त्याने पॅरिस, स्ट्रासबर्ग, म्युनिच, प्लझेन, व्हिएन्ना अशी पाच शहरं मांडली. गाडीला निळी रेघ, थांबण्याला लाल रेघ. ओमाहाहून क्रिस्टी फोनवर त्याला कॉम्प्युटरमधून वेळा काढायला शिकवत होती, आणि पदोपदी दोघांचं वाजत होतं.

"बाबा, श्टुटगार्टला चार तास कशाला? तिथे फक्त गाडी बदलायचीय. तो कॉम्प्युटर बघ, आठ मिनिटं दाखवतोय."

"कॉम्प्युटरने कधी गाडी चालवलीय का?"

"अरे, ती माणसांची गाडी आहे. तिला टाइमटेबल असतं."

"गाडी ती गाडीच. येते तेव्हा येते."

"आठ मिनिटांत लोक बदलतात बाबा. म्हाताऱ्या बायका बदलतात!"

"बदलू देत. तुझ्या आईला मी फलाटावर धावायला लावणार नाही."

हे तो मनापासून म्हणत होता. एकोणचाळीस वर्षांत वेळेवर पोचलेली गाडी त्याने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली होती. त्याची स्वतःची गाडी ड्यूटीचे कायद्याने ठरलेले बारा तास भरले म्हणून उघड्या माळावर उभी राहिलेली असायची, आणि मग दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तशीच. असा माणूस आठ मिनिटांवर विसंबणार कसा? आणि या खेपेला काही चुकलं तर मार्लिस पुन्हा कधी त्याच्या बेतावर विश्वास ठेवणार नाही, ही धास्ती त्याला होतीच. म्हणून त्याने जागोजाग तास पेरले.

वर सल्ला घ्यायला गेला तो कुणाचा? लिरॉयचा! लिरॉय हा त्याचा तीस वर्षांचा जोडीदार, आणि आता पेट्रोलपंपावरच्या सकाळच्या कॉफीचा भिडू. तिथे चार निवृत्त रेल्वेवाले रोज फासे टाकतात, आणि हरेल त्याने उठून सगळ्यांचे कप भरायचे असतात. ड्वेनने कागद टेबलावर पसरला तेव्हा चौघांनी चष्मे लावले आणि तो असा तपासला, जणू गाडी त्यांनाच न्यायची होती.

"पॅरिसहून निघायच्या आधी तीन तास. ठीक आहे," लिरॉय म्हणाला. "श्टुटगार्टला चार. हं. आणि रेगेन्सबुर्गला फक्त चार?"

"कमी आहेत?"

"लेका, समोरून मोठी गाडी आली आणि तुला बाजूच्या रुळावर घातला, की गेले तुझे चार तास. पाच कर. बायको बरोबर आहे."

बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. बायको बरोबर आहे म्हटल्यावर पाच तरी हवेतच. ड्वेनने खिशातून लाल पेन्सिल काढून तिथल्या तिथे पाच केले. चार माणसांची मिळून दीडशे वर्षांची नोकरी, आणि माणसांच्या गाडीत एकही कधी बसलेला नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर, जेवणं झाल्यावर, ड्वेनने जेवणाचं टेबल बाहीने पुसलं आणि त्यावर कागद पसरला. एका टोकाला मिठाची बाटली ठेवली, दुसऱ्या टोकाला साखरेचं भांडं. मार्लिस हात पुसत आली, चष्मा लावला, आणि पॅरिसपासून बोट फिरवत निघाली.

"प्लझेन घेतलंस?"

"तुझी आजी तिकडचीच ना? स्टेशनपासून तिचं गाव बसने अर्ध्या तासावर आहे. विचारून ठेवलंय."

मार्लिसने त्याच्याकडे बघितलं. आजीचं गाव ती दर नाताळात बोलून दाखवायची, पण हा माणूस ऐकत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ड्वेनला थोडा धीर आला. मग तिचं बोट लाल रेघांवर आलं. तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि कागदाच्या कडेला आकडे मांडायला लागली. दोनशे बारा पोरांचा शिधा काढणाऱ्या बाईची बेरीज चुकत नसते.

"पंचवीस," ती म्हणाली.

"काय पंचवीस?"

"तास. फलाटावर बसायचे. पॅरिसला तीन, स्ट्रासबर्गला तीन, श्टुटगार्टला चार, म्युनिचला तीन, रेगेन्सबुर्गला पाच, प्लझेनला तीन, प्रागला गाडी बदलायला चार. एक अख्खा दिवस, आणि वर एक तास."

"म्हणजे कुठे काही चुकायला नको. मी सगळीकडे वेळ राखून ठेवलाय."

मार्लिसने पेन्सिल खाली ठेवली. "ड्वेन, चाळीस वर्षं मी या खिडकीत बसून तुझ्या गाडीची वाट बघितली. आता तू मला विमानात घालून समुद्रापलीकडे नेणार, आणि तिथे नेऊन पुन्हा वाटच बघायला लावणार?"

आवाज चढला नव्हता. ॲपल पायच्या बशा गोळा करून ती सिंककडे गेली, नळ सोडला आणि बशा विसळायला लागली. ड्वेन कागदाशी उभा राहिला. त्याच्या महिन्याभराच्या कष्टांना तिने नावं ठेवली नव्हती, फक्त बेरीज केली होती, आणि बेरीज बरोबर होती. एवढ्या काळजीने आखलेली प्रत्येक लाल रेघ तिला काय दिसली असेल, ते त्याला आत्ता दिसलं. त्याने कागदाची गुंडाळी केली आणि तळघरात नेऊन ठेवली. फ्रिजवरच्या कोऱ्या अर्जाकडे जाता-येता बघायचंही त्याने सोडलं.

बुधवारी मार्लिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला जाते. त्या बुधवारी दुपारी बर्फ पडायला लागलं, आणि तीनच्या सुमारास तिचा फोन आला.

"रस्ता साफ करणारी गाडी येईपर्यंत आम्ही इथेच आहोत. तू चिली चढवून ठेव. दुपारभर शिजायला हवी."

"मी?"

"कार्ड आहे ना. हिरव्या डब्यात, 'मांस' लिहिलंय त्याच्या मागे. वाचता येतं ना तुला?"

हिरवा पत्र्याचा डबा तिच्या आईकडून आलेला होता. झाकणावर कोंबडा. आमच्याकडे प्रत्येक बाईकडे असा एक डबा असतो, आणि त्यात तळहाताएवढी कार्डं. वर छापलेलं असतं 'पदार्थ', खाली 'कुणाकडून', कोपऱ्यात 'किती जणांसाठी', आणि मग कृतीसाठी रेघा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी ड्वेनने तो डबा कधी उघडला नव्हता. त्याने चुलीवर कांदा परतायला टाकला आणि 'मांस'च्या मागची कार्डं चाळली. चिली नव्हती. 'भाज्या'च्या मागे नव्हती, 'केक'च्या मागे तर नसणारच. शेवटी सगळ्यांत मागे 'इतर' लिहिलेला पुठ्ठा होता, आणि त्याच्यामागे अकरा कार्डं, रबरबँड लावलेली.

पहिल्या कार्डावर, 'पदार्थ' छापलंय तिथे, लिहिलं होतं: ब्लॅक हिल्स, जुलै १९८९. खाली साहित्य: तंबू दोन, बटाट्याचं सॅलड, टॉडसाठी उलटीच्या गोळ्या, क्रिस्टीचं पांघरूण. मग कृती: पहाटे पाचला निघायचं, व्हॅलेंटाइन गावात नाश्ता, अंधार पडायच्या आत तंबू. आणि कोपऱ्यात, 'किती जणांसाठी': चार. तो चार खोडलेला होता. शेजारी तीन.

ड्वेनने मान वर केली. जिन्याच्या भिंतीवर त्या सहलीचा फोटो होता, डोंगरात कोरलेल्या चेहऱ्यांसमोर मार्लिस आणि दोन पोरं, उन्हाने डोळे बारीक केलेली. रोज दहा वेळा तो त्या फोटोवरून जायचा. आपण त्यात नाही, कारण फोटो आपणच काढलाय, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

त्याने पुढची कार्डं घेतली. यलोस्टोन, चार खोडून तीन. डेन्व्हर, चार खोडून तीन. शिकागो, क्रिस्टीच्या वाढदिवसाला, चार खोडून तीन. पुढे पोरं मोठी झाली आणि आकडा दोनावर आला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, समुद्रकिनारा: दोन. तो दोन खोडलेला, आणि शेजारी काहीच नाही. नंतरच्या पाच कार्डांवरही तसंच. कांदा करपल्याचा वास आला तेव्हा त्याने उठून चूल बंद केली, आणि परत येऊन बसला.

अकरावं कार्ड सहा वर्षांपूर्वीचं होतं. 'पदार्थ': युरोप, रेल्वेने. पॅरिस, स्ट्रासबर्ग, म्युनिच, प्लझेन, व्हिएन्ना. त्याने महिनाभर खपून काढलेली, बहुधा तिच्याच बोलण्यातून कधीतरी कानावर पडलेली तीच पाच शहरं, त्याच क्रमाने, तिच्या बारीक अक्षरात, पुढून मागून दोन्ही बाजूंनी. श्टुटगार्ट, गाडी बदलायची, आठ मिनिटं, फलाट सोळावरून नऊवर. रेगेन्सबुर्ग, अकरा मिनिटं. प्लझेनला दोन रात्री, आजीच्या गावाला बस. व्हिएन्नाला एक पूर्ण दिवस काही न करता. आणि कोपऱ्यात, 'किती जणांसाठी': एक.

तो एक कुठे खोडलेला नव्हता. आधी दोन लिहून मग एक केलेलाही नव्हता. पहिल्यांदाच, सरळ, एक.

ड्वेन रडला. माळावर गाडी उभी राहिली, बाप गेला, गुडघा मोडला, तेव्हा रडला नव्हता. आपल्या घरात राहून, आपल्याशी एका शब्दाने न भांडता, ही बाई हळूहळू आपल्यावाचून बेत करायला शिकली, आणि आपण तिला समजूतदार म्हणत राहिलो, हे त्याला सोसवेना. थोड्या वेळाने त्याने तोंड धुतलं, नवा कांदा चिरला आणि सुचेल तशी चिली चढवली. कार्डं मात्र परत डब्यात ठेवली नाहीत. टेबलावर ओळीने मांडून ठेवली.

पाच वाजता मार्लिस आली. दारात बूट झटकले, नाक वर करून वास घेतला, आणि मग तिला टेबल दिसलं. कोट न काढताच ती खुर्चीवर बसली.

"चिलीचं कार्ड 'सूप'च्या मागे आहे," ती म्हणाली. "मीच चुकीचं सांगितलं."

"हे कधी लिहिलंस?" ड्वेनने शेवटच्या कार्डावर बोट ठेवलं.

"शाळेतून रिटायर झाले त्या उन्हाळ्यात."

"एक."

"हो. एक." तिने नजर चुकवली नाही. "दोन लिहून खोडायचा कंटाळा आला होता मला."

"मग गेली का नाहीस?"

"निघाले होते की फोटो काढायला, पासपोर्टचा. कोट घातला, पर्स घेतली, आणि यार्डातून फोन. तू इंजिनावरून उतरताना पडलास. गुडघा." ती जराशी हसली. "आपल्या दोघांच्या सगळ्या सहली फोनमुळेच गेल्या ड्वेन, पण ती तरी माझ्या एकटीची होती. तीसुद्धा तुझ्याच फोनमुळे गेली."

ड्वेनने दुपारभर मनात खूप काही जुळवून ठेवलं होतं. नोकरीच तशी होती, पोरांच्या शिक्षणासाठी केलं, सगळेच असे जगतात. त्यातलं एकही आता तोंडातून बाहेर येईना. आणि आलं नाही तेच बरं झालं.

"माझा तो लांबलचक कागद आहे ना," तो म्हणाला, "तो लिरॉयला देतो. शेकोटीला होईल. तुझा बेत चांगलाय. या कार्डावर आणखी एक माणूस बसेल का?"

मार्लिसने कार्ड उचलून उलटलं.

"श्टुटगार्टला आठ मिनिटं आहेत," ती म्हणाली.

"वाचलं मी."

"तेव्हाच्या वेळा आहेत. पुन्हा बघाव्या लागतील."

"क्रिस्टी म्हणते अजूनही आठच दाखवतायत."

"लांब चालायचंय. तुझा गुडघा."

"आणि सुटली तर?" ड्वेनने विचारलं. महिनाभर त्याला कुरतडत होतं ते हेच, आणि हे त्याने तिलाच विचारायला हवं होतं. पेट्रोलपंपावर कसलं विचारत बसला होता!

"सुटली तर पुढची तासाभराने."

"रोज?"

"रोज. दर तासाला. माणसांसाठी असतात रे त्या गाड्या."

एका गाडीमागून दुसरी गाडी, आणि तिच्यात बसायला आपल्यासारखी माणसं, हे ड्वेनच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाडी सुटली म्हणजे सगळं संपलं, या हिशेबाने त्याने सहा फूट कागद रंगवला होता.

"मग असं करू," तो म्हणाला. "तू भराभर पुढे जा आणि दार धरून ठेव. मी येतो मागून."

"मुळीच नाही," मार्लिस म्हणाली. आता मात्र तिचा आवाज चढला, बेचाळीस वर्षांत चढला नव्हता तेवढा. "मी पुढे जायचं आणि तू मागून यायचं, हे आयुष्यभर झालं. आता नाही. सुटली तर दोघांची सुटेल. बसू दोघं फलाटावर, खाऊ काहीतरी. वाट बघायला माझी ना नाही रे. एकटीने बघायला आहे."

"बरं," ड्वेन म्हणाला.

"बरं नाही. नीट सांग."

"सुटली तर दोघांची सुटेल."

मार्लिसने तेव्हा कुठे कोट काढला. खणातून एक कोरं कार्ड घेतलं आणि अकराव्यावरून सगळं उतरवून काढलं, शहरं, रात्री, आजीच्या गावची बस. वेळांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. 'किती जणांसाठी'पाशी आल्यावर थांबली आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

"हे तू लिही. आजवर मी लिहीत होते आणि मीच खोडत होते."

ड्वेनने पेन घेतलं आणि दोन लिहिला. इतका दाबून लिहिला की खालच्या टेबलावर त्याचा वळ उठला, आणि एरवी टेबलावर गरम भांडं ठेवलं तरी ओरडणारी मार्लिस काही बोलली नाही.

मग दोघांनी चिली खाल्ली. खालची लागली होती, म्हणून वरवरची खाल्ली. मीठ दोनदा पडलं होतं.

"दोनशे बारा पोरांनी ताटं परत केली असती," मार्लिस म्हणाली.

"दोनच माणसांसाठी केलीय," ड्वेन म्हणाला.

बशा उचलून झाल्यावर तिने फ्रिजवरून आपला अर्ज काढला आणि चष्मा लावून टेबलाशी बसली. नाव, जन्मगाव, उंची. केसांचा रंग काय लिहायचा यावर थोडी बोलाचाली झाली. ड्वेन पांढरा म्हणत होता, तिने करडा लिहिला. पान उलटल्यावर अडीअडचणीला कुणाला कळवायचं, हा रकाना आला. शाळेचे, दवाखान्याचे, विम्याचे असे रकाने तिने आजवर शेकड्याने भरले होते आणि सगळीकडे न बघता एकच नाव घातलं होतं. सवयीने तिचं पेन टेकलंही. मग तिला खालची बारीक अक्षरं दिसली: आपल्यासोबत प्रवास करत नसलेल्या व्यक्तीचं नाव लिहावं.

तिने पेन उचललं.

"इथे तुझं नाव चालणार नाही," ती म्हणाली, आणि क्रिस्टीचं लिहिलं.